गच्चीपर्यंत न पोचलेला अभ्यासक्रम

हैदराबाद विद्यापीठाचं पहिलं बिऱ्हाड शहराच्या ऐन मध्यात, आबिड्सला होतं, हे आज फारसं कुणाच्या लक्षात नसतं. १९७४ साली संसदेच्या कायद्याने विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा त्याला स्वतःची जागा नव्हती. नामपल्ली स्टेशन रोडवरचं ‘गोल्डन थ्रेशोल्ड’, म्हणजे अघोरनाथ चट्टोपाध्याय आणि त्यांची कन्या सरोजिनी नायडू यांचं घर, पद्मजा नायडूंनी विद्यापीठाला दिलं आणि सुरुवातीचा कारभार तिथून चालला. मग विद्यापीठ गच्चीबावलीला गेलं, दोन हजारांहून अधिक एकरांवर पसरलं, आणि अर्ध्या शतकानंतर त्याच जमिनीमुळे पुन्हा बातम्यांत आलं. मार्च २०२५ च्या अखेरीस कांचा गच्चीबावलीच्या चारशे एकरांवर सरकारी बुलडोझर चालू लागले, विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन झाडतोड थांबवली. मोर, हरणं, तळी आणि पडलेली झाडं यांची छायाचित्रं देशभर फिरली. ‘पर्यावरण आणि महाविद्यालय’ हे शब्द जोडीने उच्चारले की आता तेच चित्र डोळ्यांसमोर येतं.

लढा रास्तच होता. पण त्या चित्राची एक अडचण आहे. देशातले बहुसंख्य विद्यार्थी चारशे एकरांच्या शेजारी शिकत नाहीत, ते आबिड्ससारख्या ठिकाणी शिकतात. चॅपल रोडवर स्टॅन्ली, किंग कोठी रस्त्यावर मेथडिस्ट, बशीरबागच्या कडेला १८८७ चं निजाम कॉलेज, कोठीला जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या आवारात महिला विद्यापीठ, जांबागला केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने निजामाच्या राज्यात मराठीसाठी उभी केलेली विवेकवर्धिनी, आणि या सगळ्यांच्या मधल्या फटींत ज्युनिअर कॉलेजं नि कोचिंग क्लास. निजाम कॉलेजचं मैदान आणि रेसिडेन्सीचं आवार सोडलं तर बहुतेकांच्या वाट्याला चार मजले, एक जिना, खाली दुचाक्यांची दाटी आणि वर पाण्याच्या टाक्या. वृक्षारोपणाचा फोटो काढायलाही जागा अपुरी. अशा संस्थेने शाश्वततेचं काय करायचं? माझं म्हणणं असं की खरा अभ्यास इथेच होऊ शकतो. इमारत चालवणं हाच त्याचा विषय आहे, आणि तो शिकवू शकणारी माणसं प्राध्यापकांच्या खोलीत बसत नाहीत. ती वायरमन, प्लंबर आणि एसी मेकॅनिक म्हणून मागच्या दाराने येतात नि जातात.

पर्यावरण हा विषय पदवीला सक्तीचा कसा झाला, ते आधी पाहू. एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला: हा विषय शाळा-महाविद्यालयांत अनिवार्य करा. निकाल आणि अंमल यांच्यामध्ये तब्बल एक तप गेलं. २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा कान पिळले तेव्हा कुठे विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सर्वत्र लागू होऊ लागला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्यात तयार झालं. भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण संस्थेचे डॉ. एराक भरुचा यांनी ते लिहिलं. पुस्तक चांगलं आहे, सोपं आहे, आणि कित्येक विद्यार्थ्यांच्या वाचनात आलेलं जैवविविधतेवरचं ते एकमेव पुस्तक असेल. दोष पुस्तकात नव्हता, आखणीत होता. एकूण तासिका पन्नास, त्यांतल्या प्रत्यक्ष कामाच्या पाच. शंभर गुणांतले पंचवीस त्या कामाला. आणि काम कोणतं? नदी, जंगल, कुरण किंवा डोंगर पाहून नोंद करा. एखादं प्रदूषित ठिकाण पाहा. आसपासच्या वनस्पती, कीटक, पक्षी ओळखा. तळ्याची किंवा ओढ्याची परिसंस्था अभ्यासा. यादीत सगळं आहे, विद्यार्थी ज्या इमारतीत बसून पेपर लिहितो ती इमारत तेवढी नाही. आबिड्सच्या मुलाने मूसी नदीकाठी जाऊन फेस पाहायचा, पण आपल्या कॉलेजचं सांडपाणी तिथवर कोणत्या नळातून पोचतं, हे त्याला कुणी विचारत नाही. पुढे नियम बदलले, २०२३ मध्ये आयोगाने नवी मार्गदर्शक तत्त्वं आणली, श्रेयांक आले, हवामानबदल आला. तरी निसर्ग म्हणजे कॉलेजच्या फाटकाबाहेरची गोष्ट, हे गृहीतक कायम आहे.

फाटकाच्या आत काय मोजता येईल? हजार चौरस मीटरची गच्ची घ्या. हैदराबादेत वर्षाला सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाचवा हिस्सा उडाला, वाहून गेला असं धरलं तरी साधारण सहा लाख चाळीस हजार लिटर पाणी त्या एका गच्चीवरून हाती लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे चौसष्ट टँकर. शहर पिण्याचं पाणी कृष्णा आणि गोदावरीतून शंभर किलोमीटरच्याही पलीकडून, पंपांनी चढवत आणतं, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं. पण आकडा काढून थांबलं तर तेही पुस्तकीच. पाऊस पडतो चार महिन्यांत, तो साठवायला टाकी कुठून आणणार? म्हणून जमिनीत मुरवायचा. इथे ज्याला सगळे ‘इंकुडु गुंता’ म्हणतात तो शोषखड्डा घ्यायचा. संयुक्त आंध्रातला २००२ चा पाणी, जमीन व वृक्ष कायदा तेच सांगतो. आता खरा प्रश्न सुरू होतो. हैदराबाद ग्रॅनाइटवर बसलं आहे. पाणी मुरतं ते झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत, वाटेल तिथे नाही. खड्डा कुठे घ्यायचा हे भूगोलाच्या शिक्षकापेक्षा बोअर मारणाऱ्याला अधिक ठाऊक असतं, कारण किती फुटांवर मुरूम संपला नि किती फुटांवर ओल लागली, हे त्याने ड्रिलच्या तोंडातून बाहेर आलेल्या भुकटीत पाहिलेलं असतं. आणि खड्डा घेतल्यावरही दरवर्षी मृगाच्या आधी वरचा गाळ काढून खडी धुतली नाही, तर दोन-तीन पावसाळ्यांत तो डासांचं डबकं होतो. तपासणीच्या दिवशी फलक लावलेला आणि आत गाळाने बुजलेला खड्डा हे आपल्या शैक्षणिक पर्यावरणवादाचं अगदी नेमकं रूप आहे.

विजेचं गणितही याच धर्तीचं. समजा कॉलेजात दोनशे पंखे आहेत. साधा पंखा पंचाहत्तर वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित, मोटरचा तीसच्या आसपास. दिवसाला सहा तास, वर्षाला दोनशे दिवस धरले तर फरक दहा हजार आठशे युनिटांचा पडतो. आठ रुपये युनिट धरलं तर शहाऐंशी हजार रुपये. नवा पंखा सत्तावीसशेला धरून सगळे एकदम बदलले तर पैसे फिटायला सहा वर्षांहून जास्त लागतात, आणि कोणताही खजिनदार हात आखडता घेईल. पण जुना जळेल तेव्हाच नवा बीएलडीसी घ्यायचा ठरवलं, तर हिशेबात येते ती दोन पंख्यांच्या किमतीतली तफावत, साधारण बाराशे रुपये. ती तीन वर्षांच्या आत वसूल होते. हा सबंध हिशेब बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा आहे: भांडवली खर्च, वाढीव खर्च, परतफेडीचा काळ. वाणिज्य शाखेला पर्यावरणाचा वेगळा पेपर देण्यापेक्षा कॉलेजची बारा वीजबिलं दिली, तर ती मुलं अधिक शिकतील. शिवाय मंजूर भार किती, प्रत्यक्ष मागणी किती, पॉवर फॅक्टरचा दंड का बसला, हे प्रश्न त्या बिलातूनच निघतात. त्यांची उत्तरं देताना वाणिज्याच्या प्राध्यापकाला कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनला वर्गात बोलवावं लागेल.

सगळ्यात बोलकं उदाहरण एसीचं. संगणक प्रयोगशाळा, सभागृह, प्राचार्यांची खोली अशी दहा-पंधरा यंत्रं कुठल्याही कॉलेजात असतात. उन्हाळ्यात थंडावा कमी झाला की मेकॅनिक येतो, बाहेरच्या युनिटला गेज लावतो, ‘गॅस कमी झालाय’ म्हणतो, अर्ध्या तासात भरून जातो. पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झाला याचा अर्थ कुठूनतरी गळाला. नीट काम करणारा माणूस आधी उरलेला गॅस वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घेतो, नळ्यांत नायट्रोजन भरून दाब धरतो का पाहतो, फ्लेअर नटावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधतो, गळती बंद करतो, व्हॅक्यूम पंप लावून हवा नि ओल काढतो, आणि मग वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून यंत्रावर लिहिलेलं असेल तेवढाच गॅस सोडतो. याला अर्धा दिवस लागतो आणि पैसेही जास्त पडतात. जुन्या यंत्रांतला आर-२२ गॅस ओझोनला घातक आहेच, शिवाय त्याचा एक किलो हवेत गेला तर पृथ्वी तापवण्यात तो सुमारे अठराशे किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो. आपल्या ग्रिडच्या विजेने हिशेब केला तर हे जवळजवळ अडीच हजार युनिटं जाळण्यासारखं आहे. वर्षभर दिवे मालवा म्हणून भिंतीवर चिकटवलेल्या पाट्यांनी जे वाचलं असेल, ते एका नटाच्या गळतीत जाऊ शकतं. आणि या गळतीचा पुरावा कॉलेजच्या लेखा विभागात असतो: त्याच एसीसमोर दर उन्हाळ्यात त्याच ‘गॅस चार्जिंग’चं व्हाउचर. ते पाहून कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही, कारण व्हाउचर पाहणाऱ्याला एसी कळत नाही आणि एसी कळणाऱ्याला व्हाउचर दाखवत नाहीत.

केंद्र सरकारला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मार्च २०१९ च्या भारतीय शीतलीकरण कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. नव्या यंत्रांत आर-२२ च्या जातीचे गॅस वापरणं २०२४ अखेर थांबलं. पुढच्या पिढीतले काही गॅस, उदाहरणार्थ आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन, पर्यावरणाला जवळजवळ निरुपद्रवी पण ज्वालाग्राही आहेत. म्हणजे ज्या मेकॅनिकची चूक आजवर फक्त आकाशाला भोवत होती, ती उद्या त्याच्या हाताला भोवेल. कारागिरी आणि पर्यावरण ही दोन वेगळी खाती नाहीत, हे यापेक्षा स्पष्ट काय असणार? जर्मनीने १ ऑगस्ट २०२१ पासून नव्याने आखलेल्या प्रत्येक व्यवसायाच्या शिकाऊ प्रशिक्षणात, बेकरीपासून विद्युतकामापर्यंत, ‘पर्यावरण संरक्षण व शाश्वतता’ हा घटक अनिवार्य केला. तो वेगळा पेपर नाही, कामातच मिसळलेला आहे. आपल्याकडे आबिड्सपासून जवळच, मल्लेपल्लीच्या सरकारी आयटीआयमध्ये, जून २०२४ मध्ये मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांच्या हस्ते पासष्ट आयटीआयच्या आधुनिकीकरणाची पायाभरणी झाली, २,३२४ कोटींची, टाटा टेक्नॉलॉजीजच्या साथीने. रोबोटिक्स, सीएनसी, विजेवरची वाहनं असा भर आहे. स्वागतच आहे. फक्त शहरातल्या इमारती रोबो चालवत नाहीत, प्लंबर आणि वायरमन चालवतात, आणि त्यांच्या शिक्षणात भर घालणं तितकं छायाचित्रयोग्य नसतं.

मराठी वाचकाला यातलं काहीच नवं वाटू नये. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कालबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून आलेल्या या माणसाचा आग्रह साधा होता: हाताने केल्याशिवाय विज्ञान कळत नाही, आणि केलेलं काम कुणालातरी विकता आलं पाहिजे. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य अशी चार दालनं शाळेत आली आणि मुलं गावाची खरीखुरी कामं करू लागली. रयत शिक्षण संस्थेत भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ त्याच्या कितीतरी आधी रुजवलं होतं. हे प्रयोग खेड्यांत झाले आणि आपण त्यांना ‘ग्रामीण’ ही पाटी लावून बाजूला ठेवलं. खेड्यातल्या शाळेपाशी शेत होतं म्हणून तिने शेत घेतलं. आबिड्सच्या कॉलेजपाशी टाकी, मीटर, गच्ची आणि एसी आहेत. शिवाय इथून कोठीकडे चालत गेलं की वाटेत ट्रूप बाजार लागतो, विजेच्या नि नळांच्या सामानाने ओसंडणारा. कोणत्या नळाला फोम-नोझल बसतं आणि कोणत्या फ्लश टाकीचा व्हॉल्व्ह वर्षात गळू लागतो, हे तिथल्या काउंटरवर जेवढं कळतं तेवढं कुठल्या प्रयोगशाळेत कळणार?

आक्षेप बरेच आहेत आणि सगळे पोकळ नाहीत. पहिला पैशांचा. तेलंगणातली खासगी महाविद्यालयं शुल्क-प्रतिपूर्तीच्या थकबाकीने रडकुंडीला आली आहेत, बंदही पुकारून झाले. त्यांना सौर पॅनेलं लावा म्हणणं क्रूर आहे. पण वर सांगितलेल्या एकाही गोष्टीला मोठं भांडवल लागत नाही. बिल वाचणं, गळती शोधणं, जळालेल्या पंख्याच्या जागी योग्य पंखा घेणं हे खर्च कमी करणारे उद्योग आहेत, आणि पैसे नसलेल्याने तेच आधी करावेत. तेलंगणाच्या २०२३ च्या ‘कूल रूफ’ धोरणाने नव्या सरकारी नि व्यापारी इमारतींना उष्णता परतवणारं छप्पर सक्तीचं केलं आहे. जुन्या कॉलेजने वरच्या मजल्यावरच्या वर्गांपुरती गच्ची पांढरी रंगवली, रंगाआधी नि रंगानंतर मुलांनी छताखालचं तापमान नोंदवलं, तर भौतिकशास्त्राचं एक प्रात्यक्षिक स्वस्तात पडेल.

दुसरा आक्षेप अभ्यासक्रमाचा: विद्यापीठ ठरवतं, आमचे हात बांधलेले. संलग्न महाविद्यालयांच्या बाबतीत हे अर्धं खरं आहे. स्वायत्त महाविद्यालयांना ही सबब उरत नाही, आणि निजाम कॉलेज तर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वायत्त आहे. उरलेल्यांना प्रकल्पाचे गुण तरी स्वतःच द्यायचे असतात. पक्षी मोजायला सांगायचं की पाण्याचं मीटर, हे ठरवायला कुलगुरूंची सही लागत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. रासायनिक कारखाने नद्या नासवतात, सरकारं जंगलं विकायला काढतात, आणि तुम्ही मुलांना फ्लशच्या टाकीकडे बघायला लावता. ही तर मोठ्यांची जबाबदारी लहानांच्या अंगावर ढकलणं झालं. यात तथ्य आहे. घरगुती काटकसरीच्या उपदेशाने धोरणाचे प्रश्न झाकले जातात, हे आपण पाहत आलो आहोत. पण आबिड्सच्या एका कॉलेजने वाचवलेल्या युनिटांनी हवामान सुधारेल, असा माझा दावाच नाही. दावा आहे तो नजरेचा. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीनुसार देशात ४.३३ कोटी मुलं उच्च शिक्षण घेत होती. यांतूनच उद्याचे लेखापरीक्षक, पालिकेचे अभियंते, नगरसेवक, वकील होतील. आपल्या इमारतीचं सांडपाणी कुठे जातं हे ज्याने शोधलं आहे, तो कारखान्याच्या अहवालातली रिकामी जागा ओळखू शकेल. कांचा गच्चीबावलीसाठी उभे राहिलेले विद्यार्थी याच कारणाने प्रभावी ठरले. जमीन त्यांच्या रोजच्या पाहण्यातली होती, तिथले पक्षी नि तळी त्यांनी आंदोलनाच्या कितीतरी आधी नोंदवून ठेवली होती.

आणखी एक आक्षेप बोलून दाखवला जात नाही. आपल्याकडे नळ, गटार, कचरा ही कामं जातीने वाटलेली होती, अजून पुष्कळशी आहेत. त्यामुळे ‘मुलांना प्लंबिंग शिकवता?’ या प्रश्नात नुसती चिंता नसते. उलट बाजूने असंही विचारता येईल की शिक्षणाच्या नावाखाली फुकट मजूर मिळवण्याचा हा डाव तर नाही? म्हणून सीमारेषा स्पष्ट हवी. सफाई किंवा दुरुस्ती करणाऱ्या माणसाचं काम विद्यार्थ्याने हिसकावायचं नाही. संरक्षक साधनांशिवाय सफाईसाठी सेप्टिक टाकीत माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तो विद्यार्थी असो की कंत्राटी कामगार. विद्यार्थ्याने मोजायचं, नोंदवायचं, हिशेब मांडायचा, आणि ज्याला काम येतं त्याच्याकडून मानधन देऊन शिकायचं. नॅकच्या मूल्यांकनात पर्यावरणजाणिवेचे गुण असतात, त्यासाठी सल्लागाराकडून ‘ग्रीन ऑडिट’ करून घेतलं जातं. तेच पैसे एका आयटीआयच्या तुकडीला आणि बी.एस्सी.च्या तुकडीला एकत्र बसवण्यावर खर्च झाले, तर अहवाल इतका गुळगुळीत नसेल, पण खरा असेल.

एकत्र बसवण्याने काय साधतं, ते याच शहरात दिसतं. बोवेनपल्लीच्या भाजीबाजारात रोजच्या सुमारे दहा टन टाकाऊ भाजीपासून बायोगॅस आणि पाचशेच्या आसपास युनिट वीज काढणारा प्रकल्प उभा राहिला. तंत्र हैदराबादच्याच भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचं. जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. यातलं विज्ञान संशोधकांचं, पण असा प्रकल्प रोज जिवंत ठेवणं हे ऑपरेटरचं काम. भाजीचा लगदा फार लवकर आंबतो. एका दिवशी जास्त भरला की आम्लता वाढते, मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव मंदावतात आणि गॅस थांबतो. सामू पाहून आज किती टाकायचं हे ठरवणारा माणूस नसेल, तर उत्तम रिॲक्टरही कचऱ्याची टाकीच. कॉलेजच्या नि वसतिगृहाच्या कँटीनमध्ये बसवलेले छोटे बायोगॅस संच बंद पडतात ते बहुधा याच कारणाने.

अशा माणसाला वर्गात आणायची सोय नियमांत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची मार्गदर्शक तत्त्वं काढली. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. व्यवसायातलं काम ठळक असेल तर औपचारिक पदवी आवश्यक नाही, आणि अनुभव किमान पंधरा वर्षांचा, शक्यतो वरिष्ठ पदावरचा असावा, असं त्यांत म्हटलं आहे. क्षेत्रांच्या यादीत व्यवस्थापन, माध्यमं, सनदी सेवा यांच्याबरोबर जलसंधारण आणि लहान हरित ऊर्जा प्रणाली स्पष्ट नमूद आहेत. कॉलेजं या सोयीचा विचार करतात तो निवृत्त अधिकारी आणि कंपन्यांचे उपाध्यक्ष डोळ्यांसमोर ठेवून. पंधरा वर्षं एसी उघडत आलेला, हाताखाली दहा पोरं तयार केलेला मेकॅनिक त्यांना सुचत नाही. ‘वरिष्ठ पद’ या शब्दांवर कुणी अडून बसेल खरं, पण तिथे ‘शक्यतो’ लिहिलेलं आहे. अडचण राहते ती एवढीच, की निवड समितीतल्या प्राध्यापकांना त्याच्या कामाची पारख कशी होणार. मल्लेपल्लीच्या आयटीआयमधला एक निदेशक समितीवर घेतला आणि मुलाखत संगणक प्रयोगशाळेतल्या गळक्या एसीसमोर ठेवली, तर तीही सुटते.